हाताखालचं विधान

"म्हणजे सर, उत्तर काढायचंच नाही?"

"नाही. उत्तर निघेल एवढी माहिती आहे का, तेवढंच सांगायचं."

मुकादम सरांच्या पडवीत निनाद परदेशातल्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होता. समोर खाडी आणि बोटीचा धक्का. कॉलेजात तो गणितात पहिला. पण हा प्रकार रोज चुकत होता.

प्रश्न होता: क्ष किती? खाली दोन विधानं. सरांनी दुसऱ्यावर तळहात ठेवला.

"पहिलं. क्षचा वर्ग सोळा. पुरेसं?"

"पुरेसं. क्ष उणे चार."

"अधिक चार का नाही?"

"क्ष ऋण आहे ना."

"कुठे लिहिलंय?"

"तुमच्या हाताखाली."

सर हसले. "हाताखाली आहे, म्हणजे आत्ता नाही. एकदा वाचलेलं तुला बाजूला ठेवता येत नाही, बाबा."

निनादने पेन्सिल खाली ठेवली.

"सर... आई विचारते, परत येशील ना? खरं सांगितल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणते."

"मग काय सांगितलंस?"

"येईन म्हटलं. ती भांडी आवरत राहिली."

"मांड."

निनादने कोऱ्या कागदावर लिहिलं. निनाद परत येईल का? एक: त्याला इथली ओढ आहे. दोन: शिकून झालं की येईन, असं तो म्हणतो.

सरांनी दुसरं झाकलं.

"नाही पुरत," निनाद म्हणाला.

सरांनी पहिलं झाकलं.

"हेही नाही."

सरांनी हात उचलला. खाडीवरच्या वाऱ्याने कागद हलत होता. निनादने दोन्ही विधानं पुन्हा वाचली.

"दोन्ही मिळूनही नाही."

"आज पहिल्यांदा बरोबर आलं."

"पण आईला हे कसं सांगू?"

"मला सांगितलंस तसंच."

"आणि मग ती काय करेल?"



तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. सरांनी मान वर केली. मासळीच्या पाट्या घेतलेल्या दोन बायका उतरल्या, मग एक मोटरसायकल, मग शाळेची पोरं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत सर बघत होते.

त्यांची मुलगी नसरीन याच पडवीत अभ्यास करून परदेशी गेली होती. तीही येईन म्हणाली होती. निनादला ते ठाऊक होतं.

"सर, नसरीनताई येणार आहे का? काही कळवलंय तिने?"

"नाही."

"मग दर बोटीला मान वर का करता?"

सरांनी पेन्सिल उचलून त्याच्या हातात दिली.

"माहिती पुरेशी असती, तर कशाला केली असती?"