झिपरू पाटकरी आणि शेवटचं वावर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीवरच्या बांधाला अजून शेवाळही धरलं नव्हतं तेव्हाची. खानदेशातल्या सोनवडीत झिपरू नावाचा पाटकरी होता. पाटाचं पाणी शेतोशेत सोडायचं, हे त्याचं काम. अंगाने काडी, पण आवाज असा की बांधावर खोकला तर शेवटच्या शेतातले बगळे उडायचे, असं म्हणतात.

पाण्याचा कारभार पाच पंचांकडे होता. सुगीला पंचांना आणि पाटकऱ्याला सारा गाव गहू देई. किती द्यायचा, ते मात्र बांधालगतच्या वावराचं पीक बघून ठरे. तिथे काय, पाणी आपणहून शिरायचं, गहू नेहमी कमरेएवढा! मग पाटाच्या शेपटाकडे काय चाललंय ते बघायला पंच कशाला जातील? पोटं भरलेली होती बिचाऱ्यांची.

त्या शेपटाला तुळसाचं वावर होतं. नवरा गेलेला, पदरी दोन लेकी. तिचा गहू दरवर्षी ओंबीवर यायचा आणि पाण्यावाचून करपायचा. आता पुन्हा करपला तर गाव सोडायचं, असं तिने ठरवलं. ते झिपरूच्या कानावर गेलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पाणी सोडणारा तोच होता ना!

भर चावडीत तो उभा राहिला आणि आपल्या गव्हाच्या वाट्याचं बोलला. "मना वाटा आते शेवटला वावरवर ठरावा. तठे पिकनं तर खासू, नही तर उपाशी राहसू."

"येडा शे का तू?" पंचांतले मोठे, पाटील, पोट धरून हसले.

"आनि पाटील, तुम्हना वाटाबी तठेच ठरी."

पाटलांचं हसू गेलं. पण मागे बसलेल्या बायका एकसुरात म्हणाल्या, "झिपरूनं खरं शे!" आणि बायकांनी ठरवलं म्हणजे सोनवडीत ठरलंच.

दुसऱ्या दिवशी काय नवल! जन्मात फावडं न धरलेले पाचही पंच फावडी घेऊन हजर. त्यांनी गवत उपटलं, खेकड्यांची बिळं बुजवली. एका ठिकाणी पाणी गुपचूप उसात वळवलेलं सापडलं. ऊस कुणाचा? पाटलांचाच! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि निमूटपणे ती वाट आपल्याच हाताने बुजवली.

तरी पाणी अर्ध्या वाटेत थबकलं. तेव्हा झिपरू पाटात उतरला आणि चालू लागला, आणि पाणी वासरासारखं त्याच्या मागे मागे निघालं, असं म्हणतात. ते वाफ्यात शिरलं तेव्हा तुळसा वावराच्या बांधावर बसून ढसाढसा रडली. त्या वर्षी तिच्या लेकींनी घरच्या गव्हाची पोळी खाल्ली. पहिला घास तिने झिपरूला भरवला.

झिपरूबाबाचा दगड आजही त्या वावराच्या कडेला आहे. सोनवडीचा सरपंच मानधनाला हात लावण्याआधी पाटातून अनवाणी चालत तिथे येतो आणि पाय दाखवतो. तुळसाच्या वंशातली एक म्हातारी वाकून बघते. पाय चिखलाने भरलेले असतील तर त्याच्या हातावर गूळ ठेवते.

कोरडे असतील तर ती रागावत नाही. एवढंच म्हणते, "झिपरूबाबा आजून जेवना नही, भाऊ."

मग सरपंच दगडाला टेकवलेलं फावडं उचलतो आणि पाटाकडे वळतो.