हिवाईला विचारलेला प्रश्न

एका राज्यात हिवाळा कसा येणार हे राजाने आधी सांगायचे, अशी रीत होती. शरद सरत आला, ओढ्यांचे पाणी निवळले, की एका सकाळी राजा सज्जात येई. खाली सारी रयत जमे. सज्जाच्या एका अंगाला काळा नगारा, दुसऱ्या अंगाला पांढरा. राजा म्हणाला "कडाक्याचा", की काळा दणाणे. म्हणाला "बेताचा", की पांढरा. तिसरा नगारा नव्हता, आणि तिसरा शब्दही नव्हता.

रयत कशी, तर राजाचा शब्द म्हणजे शब्द! पांढरा वाजला, की बाया घरोघरची घोंगडी उसवून त्या लोकरीची राजवाड्यासाठी जाजमे विणायला बसत. गहू कुणी पेरत नसे, कारण थंडीवाचून गव्हाचा दाणा भरत नाही. काळा वाजला, की रानोमाळ गहूच गहू, आणि सरपणासाठी झाडांवर कुऱ्हाडी. आणि दर वेळी शब्द खोटा पडे. पांढऱ्यामागून असा गारठा येई, की विहिरीत सोडलेला दोर काठीसारखा ताठ होई. काळ्यामागून असा उबारा येई, की ओंब्या नुसत्याच डुलत, आत फोलपट. दर वर्षी उलटे होते हे डोळ्यांनी पाहायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नगाऱ्याखाली जमायचे. हसू नका. ही खोड कुठल्या राज्यात नाही?

कुणी म्हणेल, मग राजाने उलटेच बोलावे. तेही एकाने करून पाहिले. मनात बेताचा धरला आणि तोंडाने कडाक्याचा म्हणाला. शापाने मनातला शब्द उचलला, आणि तोच खोटा पाडला.

होय, शापच होता तो. कुणाचा, कशापायी, ते कुणाला आठवत नव्हते. फळ मात्र दिसत होते. शब्द चुकला, की राजा थोडा बर्फ होई. आधी पावले, मग गुडघे, मग कंबर. पुरता बर्फ झाला, की त्याला बागेत नेऊन उभा करत. वैशाखाच्या उन्हातही तो वितळत नसे. असे आजे-पणजे बागेत रांगेने उभे होते, डोक्यावर कावळे घेऊन.

आता गादीवर राजा भानुकेतू होता. बर्फ त्याच्या बरगड्यांपर्यंत चढला होता. यंदाचा शब्द चुकला, की काळीज गोठणार, हे राजवैद्यही जाणून होता आणि राणी कुंदप्रभाही.

"महाराज, यंदा सज्जात जाऊ नका," राणी म्हणाली.

"पाय नाहीत म्हणून? गादीसकट उचलून नेतील."

"चेष्टा पुरे."

"छातीवरचं तेवढंच अजून ऊन आहे, राणी. चेष्टा करू दे."

राणी उठली आणि खिडकीशी गेली. डोळे पुसायला गेली असे कुणाला वाटेल, पण ती रडणाऱ्यांतली नव्हती. खिडकीत एक परीट पाखरू येऊन बसले होते, काळे-पांढरे, शेपटी खाली-वर हलवत. थंडीच्या आधी उत्तरेकडून येते, तेच. त्या राज्यात पाखरे बोलत, आणि त्याचे कुणाला नवल नव्हते.

"पाखरा, तू हिवाळ्याकडून आलास. यंदा तो कसा आहे?"

"मी त्याच्या पुढे पळतो, राणीसाहेब. मागे वळून बघत नाही."

"मग कुणी बघितलाय?"

"हिवाईला विचारा. धवळडोंगरावर राहते. तिच्याच दारातून निघतो तो."

"वाट दाखव."

"आत्ताच आलो. पंख दुखतात."

"माझ्या डोक्यावर बस."

"मुकुटावर? टोचतो."

राणीने मुकुट काढून खिडकीत ठेवला, पाखराला डोक्यावर घेतले आणि चालू लागली.

वाटेत एक नदी लागली, ती दह्यासारखी लागत आली होती. राणी तिच्या सायीवरून चालत गेली. एक गाव लागले, तिथे माणसांनी आपापल्या सावल्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. एक माळ लागला, तिथे धुके माणसासारखे उकिडवे बसले होते. राणी जवळ येताच ते सरकले आणि तिला जागा दिली. पुढे पायाखालची वाट पांढरी झाली, मग मऊ झाली, मग आवाज करीनाशी झाली.

धवळडोंगराच्या माथ्यावर एक दार होते, पण घर नव्हते. दाराच्या उंबऱ्यावर हिवाई बसली होती. तिचे केस उतारावरून खाली गेले होते आणि त्यांतून झरे वाहत होते. अंगावर पांघरूण म्हणून चिंधीही नव्हती.

"कुणाची ग तू?" हिवाईने विचारले.

"राजा भानुकेतूची राणी. यंदाचा हिवाळा कडाक्याचा की बेताचा, एवढं सांगा, आई. उत्तर चुकलं तर माझा नवरा मरेल."

"फुकट काही सांगत नसते मी. तीन कामं कर. खाली धुक्याची मेंढरं चरतायत. आधी त्यांची लोकर आण."

राणी कातर घेऊन उतरली. कातर चालवली, की मेंढरू पातेच गिळी आणि विरून जाई. पाखरू म्हणाले, "जोर करून धुकं कातरतं होय?" राणीने कातर टाकली. गवतात आडवी झाली आणि डोळे मिटून हळूहळू श्वास घेऊ लागली. मेंढरे येऊन तिच्या कुशीला निजली. निजलेल्या मेंढरांच्या अंगावरून तिने बोटे फिरवली, तशी लोकर आपोआप सुटून तिच्या ओटीत आली.

"आता सूत कातायची चाती आण," हिवाई म्हणाली. "खालच्या गुहेत खजिना आहे, त्यात पडलीय. पण खजिन्यातलं दुसरं काही उचललंस, तर तिथेच गोठशील."

गुहेत हिऱ्यांची रास होती. राणीने वाकून पाहिले, तर ते हिरे नव्हते. ते राजांचे शब्द होते, गोठलेले. जवळ गेले की ऐकू येत. "बेताचा," एक म्हणे. "कडाक्याचा," दुसरा म्हणे. त्यांत एक लहानसा होता, निळसर. त्यातून भानुकेतू बोलत होता. गादीवर बसला त्या पहिल्या वर्षाचा आवाज, पोरगेला, जरासा घाबरलेला. तेव्हा त्याला पाय होते, आणि सज्जातून उतरल्यावर तो राणीबरोबर बागेभर धावला होता. राणीचा हात पुढे गेला. पाखराने तिच्या कानाला चोच मारली. "जिवंत नवरा घरी आहे, बाई." राणीने चाती तेवढी उचलली आणि मागे न बघता बाहेर आली.

"आता माझ्यासाठी घोंगडी विण," हिवाई म्हणाली.

राणीने धुके कातले आणि माग मांडला. मग थांबली. "जाड विणू की पातळ?"

"ते तू ठरव."

"तुमची थंडी केवढी ते कळल्याशिवाय कसं ठरवू?"

राणीने बराच वेळ धाग्याकडे पाहिले. जाड विणावी तर म्हातारी उकडून निघेल. पातळ विणावी तर कुडकुडेल. शेवटी तिने मध्यम विणली, आणि शेवटच्या काठाची गाठच मारली नाही. धागा चातीसकट मोकळा ठेवला. "लागलं तर पुढे विणा, नको असेल तर उसवा," ती म्हणाली. "किती लागेल, ते मला ठाऊक नाही."

हिवाईने घोंगडी खांद्यावर ओढली, तसा डोंगरभर एक सुस्कारा गेला.

"आता सांगा, आई. कडाक्याचा की बेताचा?"

"मला ठाऊक नाही," हिवाई म्हणाली.

राणीचे डोळे पेटले. "ठाऊक नाही? मग ही तीन कामं कशाला करवून घेतली माझ्याकडून? धुक्यात निजले, गुहेत काळजावर दगड ठेवला, बोटं सोलवटली, आणि तुम्ही म्हणता ठाऊक नाही!"

"ओरड, ओरड. आवाज चांगला आहे तुझा," हिवाई म्हणाली. "अग, वारा नेईल तशी मी जाते. तुझ्या नवऱ्याच्या खापरपणज्याच्या दारी मी दर वर्षी पाहुणी म्हणून जात असे. तो विचारी, बाई, यंदा कशा येणार? मी म्हणे, ठाऊक नाही. एका वर्षी तो भरल्या दरबारात हसला. म्हणाला, हिचं हिला कळत नाही, मीच सांगतो हिचं. आणि अंगावर पांघरूणही न देता मला दारातून हाकलून लावली. तेव्हा मी म्हटलं, माझं तू सांगतोस ना? सांग. या गादीवरून माझ्याबद्दल जो जो शब्द निघेल, तो तो खोटा पडेल, आणि बोलणारा माझ्यासारखा गार होईल."

"उतारा?"

"मघाशी मागावर बसून काय म्हणालीस, ते आठव." एवढे बोलून हिवाईने डोंगराची वाट गोधडीसारखी गुंडाळली. राणी उंबऱ्यावरून उतरली, ती राजवाड्याच्या पायरीवरच.

सकाळ झाली होती. रयत जमली होती. चौघांनी राजाला गादीसकट सज्जात आणून ठेवले होते. नगारची म्हातारा दोन्ही टिपऱ्या घेऊन उभा होता. राणी धावत वर गेली आणि राजाच्या कानाशी वाकली. तिने काय सांगितले, ते ऐकून राजाचा चेहरा बर्फाहून पांढरा झाला.

"राजाने असं म्हणायचं? रयतेसमोर?"

"हो."

"माझ्या आजोबांना बरगड्यांपर्यंत बर्फ चढला, तरी त्यांनी असं म्हटलं नाही."

"म्हणूनच ते बागेत उभे आहेत, कावळ्याचं ओझं घेऊन."

"लोक हसतील, राणी."

"हसू देत. तुम्ही गोठलात तर मी कुणाबरोबर हसू?"

राजाचा श्वास तोंडातून धुरासारखा निघत होता. खाली माणसे टाचा उंचावून पाहत होती. नगारची खोकला आणि म्हणाला, "महाराज, कुठला वाजवू?"

राजाचे ओठ हलले.

"ऐकू नाही आलं!" खालून एक म्हातारी ओरडली. "मोठ्यानं बोला की, महाराज!"

राजाने डोळे मिटले. "यंदाचा हिवाळा कसा येईल," तो सगळ्या छातीने म्हणाला, "ते मला ठाऊक नाही!"

कुणी हसले नाही. नगारची टिपऱ्यांकडे बघत राहिला आणि मग त्याने त्या हळूच खाली ठेवल्या. तेवढ्यात गादीखालून टप् टप् आवाज आला. राजाच्या छातीवरून पाणी ओघळले, कंबरेवरून ओघळले, गुडघ्यांवरून, पावलांवरून. सज्जातून धार लागली आणि पुढच्या रांगेतली माणसे भिजली. बागेतले आजे-पणजेही निवांत वितळले आणि पाटाने शेतांकडे निघून गेले. कावळे तेवढे चिडून उडाले.

राजा उठून उभा राहिला. डगमगला. राणीने त्याला धरले नाही; त्याचे त्यालाच उभे राहू दिले.

"मग आमचं काय?" खालची म्हातारी म्हणाली.

"आजी, थोडा गहू पेरा, थोडी ज्वारी. घोंगडी उसवू नका. सरपण लागेल तेवढंच तोडा."

"एवढंच ना? मग आमचं आम्ही बघतो," म्हातारी म्हणाली, आणि रयत कामाला गेली.

त्या वर्षापासून त्या राज्यात हिवाळ्याचा अंदाज सगळेच बांधू लागले. कुणी मुंग्यांची रांग बघे, कुणी कांद्याची साल चाचपे, कुणी नुसतेच आभाळाकडे बघून शहाणपणा करी. पारावर भांडणे होत, पैजा लागत. अर्धे चुकत, आणि चुकलेला मनुष्य घरी जाऊन जेवत असे.

पुढल्या शरदात राजा शेतांतून चालत निघाला होता. बांधावर तीच म्हातारी भेटली.

"महाराज, यंदा कसं?"

"ठाऊक नाही, आजी. तुम्हाला काय वाटतं?"

"कडाक्याचा. कांद्याची साल बघा की, केवढी जाड आलीय."

"मला विचाराल तर बेताचाच येणार," राजा म्हणाला, आणि शेला घरीच ठेवून महिनाभर फिरला.

हिवाळा कडाक्याचा आला. राजाला नुसते पडसे झाले.

ज्यांनी ऐकले त्यांच्या घरी आगटीला निखारा असो, आणि कुणाच्याही घोंगडीचा शेवटचा धागा कधी न संपो.