बारशाला निघालेली होडी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजेसुद्धा भरती-ओहोटीला विचारून घराबाहेर पडत.

एका बेटावर एक आत्या राहत होती. तिचा भाऊ समोरच्या किनाऱ्यावरच्या गावात. पुष्कळ नवसासायासांनी भावाला मुलगी झाली आणि इकडे आत्याच्या अंगात वारं शिरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा! पण त्या गावची रीत कडक होती. सूर्य डोक्यावर येईपर्यंत आत्या पोचली नाही, तर शेजारीण नाव सांगून मोकळी होई.

बारशाच्या सकाळी आत्या पलीकडे नेणाऱ्या होडीत सगळ्यांच्या आधी चढली. हातात कुंची, ओठांवर नाव. अर्धं बेट जेवायला निघालं होतं. कुणी गात होतं, कुणी आत्याला छेडत होतं, "नाव तरी फोडा की!" आत्या पदराआड हसायची. नाव आधीच फुटलं तर बारशात मजा ती काय राहिली?

किनारा जवळ आला. दारातलं तोरण दिसलं, चुलखंडाचा धूर दिसला, गुडघाभर पाण्यात उभा राहून हात हलवणारा भाऊ दिसला. आता आत्याला कुठला धीर? ती उठली आणि होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली. होडी टेकली की पहिली उडी तिची.

"आत्याबाई, जागेवर बसून घ्या," सुकाणूवरून म्हातारा तांडेल म्हणाला.

"मी एकटी ती केवढी! माझ्यानं काय होतंय?"

ती एकटीच उठली असती तर खरंच काही बिघडलं नसतं. पण पुढे उभं राहिलेलं माणूस पाहिलं की मागच्यांना आपली जागा टोचू लागते. एक उठला, दुसरी उठली, बघता बघता सगळे पुढे. होडीनं मान खाली घातली आणि पाण्याखालच्या वाळूत तोंड खुपसून ती अडून बसली.

वाळू आणि किनारा यांच्यामध्ये अजून पुरुषभर खोल पाणी होतं, आणि ओहोटी लागली होती. पाणी आणखी उतरलं, तर पुढच्या भरतीपर्यंत मुक्काम तिथेच. सूर्य वर सरकत होता. याचं चुकलं, त्याचं चुकलं, असा एकच गलका उडाला. मागे मात्र कुणी हटेना, कारण जो मागे जाईल तो शेवटी उतरेल.

"पुढं जायचं असेल तर मागं या," तांडेल म्हणाला.

आत्याचे डोळे भरून आले. भाऊ हाकेच्या अंतरावर, आणि पाठ फिरवायची त्याच्याकडेच? पण पहिली उठली होती तीच. ती गर्दीतून वाट काढत निघाली आणि थेट तांडेलाच्या पायाशी जाऊन बसली.

"या रे सगळे," ती म्हणाली. "भाचीचं नाव ऐकायचंय ना माझ्या?"

एकेक करत सगळे मागे आले. होडीचं टोक हळूच वर उचललं गेलं, एका लाटेनं तिला सोडवलं, आणि तांडेलानं वाळू चुकवून ती किनाऱ्याला लावली.

आता मात्र कुणीच उठेना. आत्याला वाट मिळावी म्हणून सगळे अंग चोरून बसले, आणि आत्या मधून धावत सुटली. शेजारीण पाळण्यावर वाकलीच होती. तिला बाजूला सारून आत्यानं 'कुर्रर्र' केलं आणि इवल्याशा कानात नाव सांगितलं. पोरगी दचकून रडली, आणि आत्या तिच्याहून मोठ्यांदा.

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ध्यानात ठेवा: एका होडीत बसल्यावर कुणालाही एकट्याला आधी पोचता येत नाही.