एका दिवसानं तुटलेली चौदा वर्षं

फार पूर्वी, निळा रंग झाडाच्या पाल्यापासून काढायचे तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक शेट होता. त्याच्या आवारात निळीचे चाळीस रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. ते ढवळण्यावर निम्म्या गावाचं पोट चालायचं. या कामकऱ्यांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे, इतके की त्यांच्यातल्या नवरीला हळद लावली तर हात हिरवे दिसायचे.

निळीचा रांजण म्हणजे तान्हं मूल. चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी घालून तो लावायचा आणि मग सकाळ, दुपार, संध्याकाळ लांब दांड्यानं ढवळायचा. एका दिवसाची हयगय झाली की रांजण नासतो आणि महिन्याची मेहनत उकिरड्यावर ओतावी लागते.

त्या पंचक्रोशीत एक जुनी रीत होती. एका दारी सलग सात वर्षं चाकरी केलेला माणूस काम सोडून निघाला, की मालकानं वर्षामागे एका महिन्याचा पगार त्याच्या हातावर ठेवायचा. त्याला ‘निरोपाचं देणं’ म्हणत. रीत सगळ्यांना ठाऊक होती, पण शेटकडे ते देणं कधी कुणी मागितलंच नव्हतं. म्हातारे कामकरी निघताना शेट त्यांच्या खांद्यावर एक उपरणं टाकायचा, आणि ते डोळे पुसत, त्याला दुवा देत घरी जायचे.

सारजा नावाच्या रंगारणीला उपरणं नको होतं. तिनं चौदा वर्षं शेटचे रांजण सांभाळले होते. आता तिला स्वतःचे दोन रांजण नदीपलीकडे पुरायचे होते. जागा बघून झाली होती, कुंभारानं रांजण भाजून तयार ठेवले होते. कुंभार म्हणाला होता, “सारजे, दसऱ्यापर्यंत थांबतो. पुढं दुसरं गिऱ्हाईक आलं तर माझा इलाज नाही.” म्हणून तिनं महिनाभर आधी सांगून, रीतसर काम सोडलं आणि शेटच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

“शेट, माझं निरोपाचं देणं द्या.”

ज्येष्ठ महिना होता. शेट म्हणाला, “मुनीम परगावी गेलाय. पुढच्या महिन्यात ये.”

ती आषाढात गेली. “आखाडात कुणी पैसा घराबाहेर काढतं का, वेडे?”

श्रावणात गेली. “सणावाराचे दिवस. जरा देवाधर्माकडे बघ.”

भाद्रपदात गेली, तर शेटनं कपाळाला आठ्या घातल्या. “घरी पितर जेवायला आलेत आणि तू पैशाचं काढतेस?”

“पितरांनाच विचारा शेट,” सारजा म्हणाली. “ते तर सगळं इथंच ठेवून गेले.”

हे बोलणं गावभर झालं. संध्याकाळी भागूआत्या सारजाच्या दारी आली. भागूआत्या शेटकडची सर्वांत जुनी रंगारीण. सारजाला ढवळायला तिनंच शिकवलेलं.

“मालकाला असं बोलतात होय गं? खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.”

“मीठ मी दुकानातून आणते, आत्या. रोख देऊन.”

“जीभ फार चालते तुझी! आमच्या वेळी नव्हतं हे असलं.”

“तुमच्या वेळी नव्हतं म्हणून तर आमच्या वेळी करावं लागतंय.”

आत्या पदर झटकून निघून गेली. वडीलधाऱ्यांचं हे एक नेहमीचं असतं. जे त्यांनी निमूट सोसलं, तेच संस्कार म्हणून ते पुढच्यांच्या पदरात बांधतात, आणि कुणी गाठ सोडू लागलं की त्यांनाच राग येतो.

घटस्थापनेच्या दिवशी सारजानं पंच बसवले. पाच पंच, पाचांच्याही डोक्याला शेटनं दिलेली निळी पागोटी. सारजानं आपलं म्हणणं थोडक्यात मांडलं. शेटनं शांतपणे पान जमवलं, तोंडात टाकलं आणि मग तो बोलला.

“रीत मला मान्य आहे. पण रीत सलग सात वर्षांची आहे ना? मग ऐका. दर वर्षी खंडेनवमीला हे लोक माझ्याकडे काय करतात?”

“अवजारं पूजेला ठेवतात,” थोरले पंच म्हणाले.

“अवजारं जमा करतात,” शेट म्हणाला. “स्वतःच्या हातानं, माझ्या देवघरात. अवजार जमा केलं म्हणजे चाकरी संपली. दसऱ्याला मी ते परत देतो, म्हणजे नव्यानं कामावर ठेवतो. माझ्याकडे आजवर कुणाचंच एक वर्ष पुरं भरलेलं नाही. या बाईची चाकरी गेल्या दसऱ्याला लागली आणि यंदाच्या ज्येष्ठात संपली. कसली चौदा वर्षं?”

सारजाच्या डोळ्यांपुढं त्या सगळ्या नवम्या उभ्या राहिल्या. पहाटे दांडा नदीवर घासून धुवायचा, त्याला झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं आणि देवघरात नेऊन ठेवायचा. दसऱ्याला तो परत घेताना शेट प्रत्येकाच्या हातावर एक पेढा ठेवायचा. तो पेढा लोक घरी नेऊन चार वाट्यांनी खायचे, मालकाची माया म्हणून.

पंचांनी माना हलवल्या. थोरले पंच म्हणाले, “पोरी, कायदा कायद्याच्या जागी. मोठ्यांशी वैर धरू नये. सोडून दे.”

शेट उठता उठता हसला. “दसऱ्याला ये. दांडा देईन, पेढाही देईन. नव्यानं सुरुवात कर.”

सारजा रडली नाही. तिला इतका राग आला होता की ती घरीसुद्धा गेली नाही. ती सरळ नदीवर जाऊन बसली आणि विचार करू लागली. खंडेनवमीला दांडे देवापुढं असायचे, पण रांजणांना सण कुठला? त्या दिवशी सगळे कामकरी रांजणाच्या काठावर पोटावर पडून, खांद्यापर्यंत हात बुडवून, नुसत्या हातांनी ढवळायचे. त्या रात्री अंगाला इतका वास यायचा की घरची लेकरंही जवळ येत नसत. त्या दिवशी चाकरी संपलेली असायची तर मग ते काम कोण करत होतं आणि कशासाठी?

ती उठली आणि भागूआत्याच्या घरी गेली. तिथं आणखी दहा-बारा जण जमले होते. पंचांपुढं काय झालं त्याचीच चर्चा चालली होती.

“आलीस तोंड घेऊन?” आत्या म्हणाली. “मी सांगत होते.”

“आत्या, किती वर्षं झाली तुला शेटकडे?”

“एकोणतीस.” आत्याची मान जरा ताठ झाली.

“नाही. वर्षसुद्धा झालं नाही. गेल्या दसऱ्याला लागलीस तू. काल आलेली पोर आहेस. पंचांसमोर बोललाय शेट, मी नाही.”

“काहीतरी बोलू नकोस. त्याच्या बापाच्या वेळेपासून आहे मी. त्याच्या लेकींना कडेवर खेळवलंय.”

“मग जा आणि विचार त्याला.”

कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, “बरं, खरं असेल. पण आपण करणार काय? तो मालक.”

“तो म्हणतो ते खरं करा,” सारजा म्हणाली. “नवमीला आपण कुणाचे चाकर नाही, असं म्हणतो ना तो? मग त्या दिवशी चाकरी करू नका.”

‘बघू’ म्हणत एकेक जण उठून घरी गेला. सारजा रात्रभर चिडचिडत राहिली. या लोकांना आणखी काय सांगायचं असतं?

आठ दिवसांनी खंडेनवमी उजाडली. कामकऱ्यांनी दरवर्षीसारखे दांडे धुतले, सजवले, देवघरात नेऊन ठेवले आणि शेटला नमस्कार केला. सारजा फाटकाबाहेर उभी होती; आत जायचा तिला हक्क नव्हता. तिनं पाहिलं की भागूआत्या नेहमीसारखी पहिल्या रांजणापाशी गेली. तिनं बाही वर सारली. ती काठावर वाकली. सारजानं मान फिरवली.

पुन्हा बघितलं तेव्हा आत्या रांजणाशेजारी मांडी घालून बसली होती. बाही खाली ओढलेली होती. मग तिच्यामागे एकेक जण बसला.

सकाळ गेली. आश्विनाचं ऊन चढलं. दुपारी मुनीम नाकाला उपरणं लावून आला आणि ओरडला, “ढवळा की! बसलात काय?”

“कुणाला म्हणता?” आत्यानं विचारलं. “आज इथं कुणी चाकर नाही. आम्ही देवदर्शनाला आलोय.”

मुनीम पळत आत गेला. शेट धावत बाहेर आला. आधी त्यानं दटावलं, मग माया दाखवली, मग आपल्या दोन जावयांना रांजणांवर पाठवलं. धाकट्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि तिथंच ओकला. थोरल्यानं ते पाहून अंगठी हरवेल असं सांगितलं. तोवर कडेच्या तीन रांजणांवरचा फेस काळा पडू लागला होता. राजवाड्याचं दिवाळीचं कापड त्याच रंगात निघायचं होतं.

शेट फाटकाकडे आला. “तू फितवलंस यांना!”

“मी फक्त निरोप पोचवला,” सारजा म्हणाली. “पंचांसमोर तुम्ही बोललात तोच. शब्द बदलला नाही.”

शेटनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ, चौदा महिन्यांचा पगार आत्ता, या घटकेला तुझ्या हातात देतो. वर दोन महिन्यांचा माझ्याकडून. बक्षीस समज. यांना उठव आणि आपली वाट धर.”

त्यानं खरंच थैली काढली. सारजाला कुंभाराचे ते दोन रांजण दिसले. उद्या दसरा होता, हात पुढं केला की काम झालं असतं. ती क्षणभर थैलीकडं बघत राहिली. फाटकाच्या गजांतून भागूआत्याही तिच्याकडं बघत होती. ‘घे’ असं काही तिच्या तोंडावर नव्हतं.

“बक्षीस नको,” सारजा मोठ्यानं म्हणाली, आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “दोन महिन्यांचं वरचं तर नकोच. पंचांना बोलवा. त्यांच्यासमोर सांगा, की खंडेनवमीला हे लोक तुमच्या चाकरीत असतात. दर वर्षीच्या खंडेनवमीला. मग माझे चौदा महिने मोजा.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर नका सांगू. संध्याकाळपर्यंत बाकीचे सदतीस रांजणही सांगतीलच.”

शेटचा चेहरा पडला. मुनीम पंचांना आणायला धावला. पाचही पंच पागोटी सावरत आले. शेटनं जमिनीकडं बघत ते वाक्य म्हटलं. हळू म्हटलं, तेव्हा सारजानं त्याला पुन्हा म्हणायला लावलं. पंचांनी माना हलवल्या. मागच्या वेळी हलवल्या होत्या तशाच, फक्त या वेळी उलट बाजूनं.

सारजानं चौदा महिन्यांचा पगार मोजून पदरात बांधला. त्यानंतरच कामकरी उठले, बाह्या वर गेल्या आणि रांजण ढवळायला लागले. तीन रांजण गेले ते गेलेच.

सारजा पैसे घेऊन थेट कुंभाराकडं गेली आणि संध्याकाळी नदीपलीकडं खड्डे खणायला लागली.

दुसऱ्या दिवशी दसरा. गावाच्या रिवाजाप्रमाणं शेट ओसरीवर बसला होता आणि लोक आपट्याची पानं देऊन त्याच्या पाया पडत होते. भागूआत्या आली ती रिकाम्या हातानं. पाया पडायला वाकली नाही. कालचं मनात धरलं नसल्याचं चारचौघांत दिसावं म्हणून शेट स्वतःच उठला आणि त्यानं एक पान पुढं केलं.

“घे आत्या, सोनं घे.”

“पान राहू द्या, शेट,” भागूआत्या म्हणाली. “मी आजपासून काम सोडलं. एकोणतीस वर्षं झाली. माझं काढा.”

तात्पर्य: हक्काचं मागताना आपल्याला जी लाज वाटते, ती खरं तर न देणाऱ्याची असते. ती आपण आयुष्यभर वाहू नये. ज्याची त्याला चारचौघांत परत करावी.