गुळाच्या नावाचा दर

“...पण बाबा, मागू किती?”

अभिनंदन शिरगावे तिसऱ्यांदा विचारत होता. लालशाबाबांचा हा शिष्य तसा जुना, पण अडलं-नडलं तरच तोंड दाखवणारा. आज फकिराच्या मठीत, तकियात, बाबा दिसले नाहीत, म्हणून शेजारच्या गुऱ्हाळात शोधत आला. हंगामात बाबांचा मुक्काम तिथेच, उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीच्या उबेला.

“इकतोस काय?”

“नाव. इंटरनेटवरचं. ‘गूळ’ लिहायचं, पुढं टिंब देऊन आपल्या देशाची खूण लावायची. बास! अकरा वर्षांपूर्वी घेऊन ठेवलंय. अख्ख्या देशात ते माझ्या एकट्याचं.”

सांगताना त्याची छाती फुगली. आतून मात्र तो पार घाबरला होता. एका मोठ्या कंपनीला संध्याकाळपर्यंत आकडा कळवायचा होता. जास्त सांगून दोन गिऱ्हाइकं आधीच पळाली होती, आणि कमी सांगितला तर जन्मभर हात चोळत बसावं लागणार होतं.

“त्या दारात कोण येतं?”

“रोज शे-दीडशे माणसं! जाहिरात नाही, काही नाही. गूळ पाहिजे म्हणून आपणहून येतात.”

“मग त्यास्नी देतोस काय?”

“...पाटी आहे. ‘हे नाव विकणे आहे.’”

बाबा हसले. इतके हसले, की काहिलीवरचा गुळव्या ढवळायचं थांबून बघत राहिला.

मग त्यांनी खांद्यावरचा हिरवा रुमाल मांडीवर पसरला.

“घाल हात.”

अभिनंदनला कोण आनंद झाला! गुळाच्या पेठेत जुने व्यापारी असेच रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून दर ठरवायचे, शेजारच्यालाही पत्ता लागू न देता. म्हणजे बाबा आकडा सांगणार! त्याने झटकन हात घातला.

बोटं कुणी दाबलीच नाहीत. तळहातावर काहीतरी गरम, मऊ येऊन पडलं.

बाहेर काढून बघतो तर गूळ. नुकताच निवायला ओतलेला.

“खा.”

त्याने खाल्ला. डोळे आपोआप मिटले... अकरा वर्षं गुळाचं नाव मिरवणारा हा गडी गुऱ्हाळात आज पहिल्यांदाच शिरला होता. बोटं चाटता चाटता त्याला खुदकन हसू आलं. किती वर्षांनी इतकं बरं वाटत होतं!

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीच होती.

“साहेब, महिनाभर थांबा,” तो म्हणून गेला. “आधी त्या पाटीच्या जागी इथल्या गुऱ्हाळांचे नंबर लावतो. आलेल्या माणसांना गूळ मिळू दे. मग दराचं बोलू.”

गुळव्याने तिथूनच ओरडून आपला नंबर सांगितला, दोनदा.

फोन ठेवल्यावर मात्र अभिनंदन बाबांच्या जवळ सरकला.

“विचार करतो म्हणाले, बाबा. हेही पळाले तर?”

बाबा गुळव्याकडे वळले.

“आणखी एक ढेप काढ रं. ह्याच्याकडं पाव्हणं यायचेत.”