न उघडलेली तलवार

सांगलीच्या बाहुली-संग्राहक मंडळात परीक्षक टिपणीससाहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "खोकं उघडलं की बाहुलं मेलं!" असं म्हणून त्यांनी गेल्या वर्षी खटावकरांना शून्य गुण दिले आणि भर सभेत त्यांचं हसं केलं.

पन्नाशीचे खटावकर यंदा कॉमिकमधल्या विजांकुशचं सामुराई वेशातलं बाहुलं घेऊन आले. खोकं चहूबाजूंनी बंद, वर नुसतं छापील चित्र, कंपनीचं सील शाबूत.

टिपणीसांनी हात न लावता नुसतं भिंगातून खोकं न्याहाळलं. "दहापैकी दहा! काय ते चिलखत, काय ती तलवार!"

"साहेब, परवा धूळ झटकताना बायकोनं हे उचललं. वजन पिसासारखं, आत काही हलतही नाही. खोकं रिकामं आहे."

"अशक्य!"

खटावकरांनी कात्री पुढे केली. "मग उघडून दाखवा."

उघडावं तर स्वतःचाच नियम मोडतो, न उघडावं तर तलवार दिसत नाही. टिपणीसांचा हात हवेतच राहिला.

"एवढे ओशाळू नका, साहेब," खटावकर म्हणाले. "तुम्ही नुसते गुण दिलेत. मी तर तीन दसरे ह्या तलवारीला झेंडू वाहिलाय!"