चहाविना निकाल

वेखंडपूरचे राजेसाहेब कडक, आणि चहाही त्यांना तसाच लागे. चहासाठी वर्षाची रक्कम पाडव्याला मंजूर व्हायची. ती पुढच्या पाडव्यापर्यंत पुरवायची, हे काम मुदपाकखान्यातल्या धोंडूनानांचं. पण नाना स्वतःच चहाचे भक्त. प्रत्येक आधणाची चव बघायला आधी वाटीभर चहा स्वतः घ्यायचे. माघातच सगळी रक्कम संपली.

राजेसाहेब भडकले. "उद्या भर दरबारात निकाल देतो! चहाचा हिशोब मोडेल त्याला जन्मभर अडुळशाचा काढा!"

काढ्याच्या नुसत्या नावानंच नानांचं तोंड कडू झालं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. "काही सांगायचंय?" राजेसाहेबांनी विचारलं.

"एवढंच, सरकार," नाना हात जोडून म्हणाले, "थोरल्या महाराजांपासूनचा रिवाज आहे, दरबारात आधी चहा आणि मग निकाल. आज चहा नाही. मग निकाल कसा लागायचा?"

"अरे, मग वाण्याकडून उधार आण!"

"आत्ता आणतो. पण उधारीचा चहा म्हणजे सरकारांनीही हिशोब मोडलाच की. मग काढा दोघांसाठी टाकू ना?"

दरबारात कोणीतरी फिसकन हसलं. राजेसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते पुटपुटले, "निकाल पाडव्याला."

पाडवा आला. दीड महिना बिनचहाचा काढलेले राजेसाहेब खटला केव्हाच विसरले होते. नवी रक्कम त्यांनी मुकाट्यानं दुप्पट केली, आणि खाली स्वतःच्या हातानं एक नवं कलम घातलं: 'नानांची चव बघायची वाटी.'